तोंडावरचा हात

“पोरगी मुकी नाय, कितीदा सांगू! मी बी लई उशिरा बोललो व्हतो,” गोरख ओरडला.

“तवा घरात धा मानसं बोलत व्हती. हिच्याशी कोन बोलतंय? फोन!” त्याच्या बायकोनं, आरतीनं, भाकरी तव्यावर आपटली. “अंगणवाडीच्या ताई सांगून दमल्या. काम करता करता बोला, ती काय म्हनती ते ऐकायला थांबा. कोन थांबलं?”

उंबऱ्याशी बसलेली गोरखची आई, साळुबाई, गप्प होती. एरवी सगळं निमगाव सावा गाव तिला आवाजावरून ओळखायचं. गोठ्यात ती म्हशीशी भांडायची. उसाच्या कडेनं जाताना तर मुद्दाम मोठ्यानं बोलायची, कारण माणसाच्या आवाजाला बिबट्या बिचकतो. मागच्या वर्षी त्यानं दारातली कालवड नेली आणि तेव्हापासून तिनं नातीला, आता तीन वर्षांच्या झालेल्या तेजूला, घरात कोंडलं. हातात फोन दिला. दिवस कलला आणि पोर जरा किंचाळली, की ती तिच्या तोंडावर हात ठेवायची. “गप. वाघ येईल.”

स्वतः बोंबलत फिरायचं आणि पोरीला गप्प करायचं, यात काही चुकतंय हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

आज दिवेलागणीला ती धार काढून आली, तर दार सताड उघडं. आरती मागच्या बाजूला दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. उंबऱ्यात तेजू एकटी. समोर कुत्र्याची साखळी तुटून पडलेली, कुत्रं नव्हतं. वारा नसताना उसाचा एक पट्टा आतवर हलत गेला.

कुत्रं गेलं, हे सगळ्यांना कळलं. पुढचं साळुबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीनं सगळं पाहिलं होतं. डोळे उसावर खिळलेले, आणि स्वतःचा इवलासा हात तिनं तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

आताही आईबापाचे आवाज चढले, तसा तो हात वर गेला.

साळुबाईनं तो धरून खाली घेतला. “कुत्रं कुठंय गं, तेजू?” असं विचारून ती थांबली. बराच वेळ थांबली. पोरीचे ओठ हलले, आवाज आला नाही. बाहेर ऊस सळसळला.

साळुबाई उठली. फोन पेटीत टाकून तिनं कुलूप लावलं.

“ह्या घरात पोरीला आता कुनी गप म्हनायचं न्हाई. मी बी न्हाई. उद्यापासनं ती माझ्यासंगं गोठ्यात येनार.”