बाटली आणि मोदक

कुमुदमावशींनी जन्मात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता, आणि शनिवारी दुपारी त्या निदान तीस जणांना ती पाजत. अमेरिकेत, कॅरी गावातल्या एका मोठ्या ग्रोसरी स्टोअरमध्ये गिऱ्हाइकांना वाइन चाखवायच्या काउंटरवर त्या पार्टटाइम होत्या. नऊवारी नाही हो, काळी पँट, वर स्टोअरचा एप्रन आणि कपाळावर टिकली. लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याहून आल्या, नातवंडं शाळेत गेली, मग घरी बसून करायचं काय?

गिऱ्हाईक समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "आज बेत काय?"

वाइनचं नंतर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, कांदाभजी. त्यांनी मागे न बघता कावाची बाटली काढली. "ही स्पेनची. ब्रूट म्हणजे साखर जवळपास नाहीच. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात, म्हणून बुडबुडे. तळणाचं तेल जिभेवरून धुऊन काढते. भजी, बटाटेवडा, तळलेली कोळंबी, खारे बदाम, कशालाही चालेल. श्रीखंडाबरोबर घेशील तर तोंड वाकडं होईल."

"मावशी, तुम्ही चव घेत नाही, मग कळतं कसं?"

"पिणाऱ्यांची तोंडं बघते ना! माणूस खोटं बोलेल, तोंड नाही बोलत."

आमच्या मंडळाच्या गणपतीला सात वर्षं नैवेद्याचे एकवीस मोदक मावशींचे असत. उकडीचे, पाकळ्या मोजून घ्याव्यात असे. वर्षभरात त्या एवढ्या एकाच गोष्टीची वाट बघत. जूनपासूनच तांदळाच्या पिठीची चौकशी सुरू व्हायची.

मग मंडळात कुणाला तरी त्यांच्या नोकरीचा शोध लागला. कमिटीची मीटिंग बसली, मावशींनाही बोलावलं. अध्यक्ष पराग खाली बघून म्हणाला, "मावशी, पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही, पण नैवेद्याचं आहे. लोक ऑब्जेक्शन घेतात. समजून घ्या."

हाच पराग दर शुक्रवारी त्यांच्याकडून कावाच्या दोन बाटल्या न्यायचा. मीही न्यायचे. अर्धी कमिटी न्यायची, आणि प्रत्येकाने त्यांना हळूच सांगितलेलं, "मावशी, प्लीज, कुणाला बोलू नका." आता सगळ्यांचे जीव मुठीत. मावशींनी सावकाश एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडेही. मग म्हणाल्या, "बरं. यंदा नाही करत." पर्स उचलली आणि गेल्या.

मी सेक्रेटरी. मी मिनिट्स लिहिले. बाकी काही केलं नाही मेलीनं!

त्या वर्षी फ्रोझन मोदक आणले. वाफवताना सगळे फुटले. बाप्पापुढे सारण आणि उकड वेगवेगळी ठेवली आणि आरती जरा मोठ्याने म्हटली.

ऑक्टोबरात मावशींच्या लेकीला पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला नोकरी लागली. मावशींच्या शेवटच्या शनिवारी मी काउंटरवर गेले.

"आज बेत काय?"

"मावशी, माफी मागायचीये."

त्यांनी ग्लास पुसून ठेवला. "माफीबरोबर काय जातं ते मला नाही ठाऊक. तू बटाटेवडे कर, ब्रूट घेऊन जा." बाटली पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "आणि पुढच्या मीटिंगला तोंड नुसतं वडे खायला उघडू नकोस."

पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये मोदकांचा विषय निघाला. मी उभी राहिले. म्हटलं, "मी मावशींकडून वाइन नेत होते. ज्यांनी कधीच नेली नाही, त्यांनी हात वर करा." दोन हात वर झाले. त्यातले एक काका फक्त व्हिस्की घेतात. पराग बराच वेळ पाण्याची बाटली उघडत बसला. मग म्हणाला, "बोलवू या त्यांना. तिकीट मंडळ काढेल."

मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"अगं, इथल्या मंडळाचे मोदक आता माझ्याकडे आहेत," मावशी म्हणाल्या. "इथेही काउंटरवरच आहे मी. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, मावशी, नारळ आम्ही खवून देतो."

मला तर रडूच आलं.

"बरं, ते असू दे," मावशी म्हणाल्या. "तुमचा तिकडे यंदा बेत काय?"