मुरुमावरची शतपावली

नव्या भरावावर पहिली खुर्ची मी टाकली आणि पहिला पडलोही मीच. मुरूम पसरून झाल्या झाल्या बायकोला ऐटीत म्हणालो, "ये, आज चहा इथेच घेऊ." खुर्चीचे मागचे पाय खचले आणि मी कपबशीसकट आडवा. ती दारातच थांबली. "अहो, सपाट परस करायचं ठरलं होतं ना?"

वारज्यातल्या आमच्या घरामागे नुसता उतार. ठेवलेली बादलीसुद्धा कुंपणाकडे घरंगळायची. घर घेतल्यापासून तिची एकच मागणी : दोन खुर्च्यांपुरती सपाट जागा. अखेर यंदा खालच्या अंगाला भर अडवणारी रिटेनिंग वॉल बांधली. "भर थराथराने टाका, पाणी मारा, धुमसून घ्या," असं ठेकेदाराने बजावलं होतं. मी म्हटलं, जमीन आहे, बसेल आपली आपण. बसली. माझ्यासकट.

सगळं उकरून पुन्हा थर टाकले. धुम्मस आणलं, पण त्या लोखंडी ठोकळ्याचे चार ठोके मारले की माझी कंबर बोलायला लागे. बायको म्हणाली, "राहू द्या. जेवण झालं की इथेच चालू. आपोआप दबेल." आणि स्वतःच चपला घालून आली.

लग्न झालं तेव्हा शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. दोघांना बोलायचं तर शतपावलीचंच निमित्त. नदीवरच्या पुलापर्यंत जायचो. परतल्यावर आई विचारायची, "शंभर पावलांना एवढा वेळ?" बायको शांतपणे सांगायची, "हे मोजताना चुकतात. मग पहिल्यापासून मोजावं लागतं."

पुढे मुलं, नोकऱ्या, वारजे. समोर गाड्या, मागे उतार. शतपावली ताटापासून टीव्हीपर्यंत आली.

आता पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. सगळी जमीन सारखी दबावी म्हणून ती एका कडेने, मी दुसऱ्या कडेने. दोन दिवसांत दोघंही एकाच चाकोरीत. पुलावरच्या शेंगदाण्यांच्या पुडीची आठवण मी काढली, तर म्हणाली, "खवट दाणे नेमके माझ्याकडे सरकवायचात."

परवा पहार मारून पाहिली. टणकन परत आली. "झालं काम! उद्या फरशीवाल्याला बोलावतो. टाक तुझ्या खुर्च्या."

तिने पायाने एक कोपरा चाचपला.

"घाईत एक कप फुटलाय," ती म्हणाली. "हा कोपरा मला अजून पोकळ वाटतोय. महिनाभर तरी चालावं लागेल."