सदतिसाव्या पानावरचा ठिपका

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात मुलांचे दाखले लिहीत होते. साडेअकरा वाजले असतील. पलीकडून शेजारच्या नरसम्माचा आवाज आणि तिच्या कापडाच्या मागाची खटखट बंद… त्यावरूनच मला कळायला हवं होतं, कारण त्या घरातला माग भर दिवसा कधी थांबत नाही. "शोभाताई, तुमी घरी या," एवढंच ती म्हणाली. मी "आले" म्हटलं, फोन ठेवला, हातातला दाखला पुरा केला, त्यावर शिक्का मारला आणि मगच पर्स उचलली. त्या शिक्क्याची मला अजून लाज वाटते. पण खरं सांगते, त्या क्षणी काही वाटलंच नाही. घरी पोचले तर बायका अक्कांना भिंतीशी टेकवून बसवत होत्या. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. कपाळावर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. मी चपला काढून आत गेले आणि सवयीनं आधी गॅसवर दूध राहिलंय का ते बघितलं. त्याला आता सहा आठवडे होतील.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना इथं येऊन नऊ वर्षं झाली होती. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात बोलणं सगळं कन्नड, शाळा सातवीपर्यंत. मराठी बोलायच्या ती गावाकडची, वाचायच्या मात्र कसलीही, जाडजूड, अवघड, पुस्तकी. सासऱ्यांच्या नावाचं वाचनालयाचं एक कार्ड होतं. ते गेले तरी कार्ड त्यांच्याच नावावर चालू राहिलं. एका कार्डावर एक पुस्तक आणि वाचणाऱ्या आम्ही दोघी. त्यामुळे वाटणी ठरलेली, दुपार त्यांची, संध्याकाळ माझी. खुणेला त्या चुलीजवळच्या कॅलेंडरची चिठोरी घालायच्या, मी शाळेतली टाचणी लावायचे. कधी त्यांची चिठोरी पुढे, कधी माझी टाचणी. मी मागे पडले की भाकरी थापता थापता म्हणायच्या, "शोभा, त्या वकिलाला फाशी व्हती गं." मी ओरडायचे, "अक्का! सांगू नका ना!" आणि त्या तव्याकडे बघत हसायच्या. जावाजावांत भांडायला आमच्याकडे एवढंच होतं. बाकीची भांडणं त्यांनी होऊच दिली नाहीत.

त्यांची एक पद्धत होती. वाचनालयाच्या पुस्तकांत जुने वाचक आपापली खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायला नको. कुणी पहिल्या पानावर आडवी रेघ मारतं, कुणी शेवटच्या पानावर फुली. अक्कांची खूण सदतिसाव्या पानावर, खाली आकड्याशेजारी, पेन्सिलीचा बारीक ठिपका. सदतीस आमच्या घराचा नंबर. मात्र नियम कडक होता. पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही. मध्येच कंटाळून सोडलेल्या पुस्तकाला नाही, चाळलेल्या पुस्तकाला तर नाहीच. एकदा मी म्हटलं, "कोण बघायला येतंय, अक्का? द्या ठिपका आणि करा परत." तर त्यांना भलताच राग आला. "लिवणाऱ्यानं शेवटपातुर लिवलंय की. मग आपुन मधनंच कसं उठायचं?" त्या दिवशी त्या माझ्याशी जेवणापर्यंत बोलल्या नाहीत.

यंदा दसऱ्याच्या सुमाराला त्यांचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू होता, पण हृदय कमजोर म्हणून डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन पुढे बघू. दिवाळी आठ दिवसांवर आली. दरवर्षी त्याच सुमाराला वाचनालयात दिवाळी अंकांची योजना सुरू होते, एका वेळी दोन अंक घरी न्यायचे, वाचून परत करायचे, पुढचे दोन आणायचे. मी मनात म्हटलं, यंदा सुट्टी. शाळेत सहामाहीचे निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरी यांचं पथ्याचं जेवण, अक्कांची औषधं. यंदा पुस्तक हातात घेण्यापेक्षा जरा पाठ टेकावी असंच मला झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच अक्का म्हणाल्या, "शोभा, औंदा तू वाचून दाव. अक्षरं लई पळत्यात." कपाळ माझं! तोंडावर "हो, वाचते की" म्हटलं, आणि आत जाऊन भांडी जरा जोरातच आपटली.

तर असा तो महिना. मी साडेपाचला घरी यायचे. साडी बदलायची, चहा ठेवायचा, कुकर लावायचा. साडेसहाला अक्कांची हाक यायची, "बा, कुंद्रु." ये, बस. त्यांच्या कॉटशेजारी, खिडकीपाशी वेताची खुर्ची होती, तिच्यावर बसायचं. "अहो, कणीक तिंबायचीय," म्हटलं तर "साकु" म्हणजे पुरे, म्हणून हातानंच खुर्ची दाखवायच्या. मग मी वाचायचे. तासभर. पहिल्याच आठवड्यात एका गंभीर अंकातला नद्यांवरचा लेख निघाला, सतरा पानी. वाचता वाचता माझीच मान खाली. डोळे उघडले तर अंगावर त्यांचं लुगड्याचं घडी केलेलं पातळ पांघरूण आणि त्या म्हणतायत, "नदी आटली व्हय गं?" मग एक विनोदी अंक आणला. त्यातल्या नवरा-बायकोच्या विनोदांना त्या हसल्या नाहीत, पण जाहिराती मोठ्यानं वाचायला लावल्या. भुताच्या गोष्टी त्यांना मनापासून आवडायच्या. भूत निघालं की अक्का उशी नीट करून घ्यायच्या. प्रवासवर्णनं नकोत म्हणायच्या, "माणूस नुसतं काय खाल्लं ते सांगतंय." एका नामवंत कवीच्या कवितेवर मी दोन दिवस घातले, तर शेवटी म्हणाल्या, "चांगलं हाय… पर त्याला जरा झोप पायजे." आणि राशिभविष्य. माझं वाचायला लावायच्या, त्यांचं नाही. माझ्या राशीला विश्रांतीचा योग लिहिला होता. "बघ की," म्हणाल्या. मला हसू आलं, रागही आला. अंकातल्या माणसाचं काय जातंय योग लिहायला!

पण दमणूक ती दमणूकच. तिसऱ्या आठवड्यात मी पानं गाळायला लागले. आधी एखादा परिच्छेद, मग अर्धं पान. आवाज न थांबवता पुढच्या ओळीला जाण्यात मी भलतीच तरबेज झाले. आणि मग ती मोठी कथा आली, दोन बहिणींची. थोरली आजारी पडते, धाकटी दूर नोकरीला, रजा मिळत नाही, येते तोवर उशीर झालेला. थोरलीच्या आजारपणाची आठ पानं होती. अक्कांच्या दुखण्याची भीती वाटली म्हणून मी ती गाळली, असं आता म्हणावंसं वाटतं. ते खोटं आहे. सव्वासात झाले होते, भाजी चिरायची होती आणि मला त्या अंकाचा कंटाळा आला होता. मी आठही पानं एकदम उलटली आणि मनानंच शेवट रचला, "मग धाकटी आली, थोरलीला घेऊन घरी गेली, आणि ती हळूहळू बरी झाली." अक्का खिडकीकडे बघत होत्या. "बरी झाली?" "हो." "एवढ्यात?" मी अंक मिटला. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. जा, भाजीचं बघ." आणि मी उठले. चार दिवसांनी अंक परत केला, नवे दोन आणले. त्यानंतर पंधरा दिवसांत अक्का गेल्या.

दिवस झाले, पाहुणे पांगले, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा परत गेला. मी कामाला लागले. आणि मग दाखला लिहिताना, बसची वाट बघताना, एकच गोष्ट डोक्यात. त्यांना कळलं होतं का? आयुष्यभर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ठिपका न देणारी बाई, आणि तिच्या शेवटच्या महिन्यात मी तिला आठ पानांना फसवलं. कुणाला सांगू तरी काय? लोक म्हणाले असते, एवढी सेवा केलीस, आठ पानांचं काय घेऊन बसलीस. पण मला माहीत होतं ना.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात गेले. ठरवलं होतं, तो अंक मागायचा आणि ती आठ पानं तिथंच बसून वाचायची. निदान मी तरी. दिवाळी अंक टेबलावर रचून ठेवलेले, लोकांनी हाताळून कडा मऊ झालेल्या. मला तो सापडला. कथेचं पान काढायच्या आधी, का कोण जाणे, सवयीनं सदतिसावं पान उघडलं. ठिपका होता.

नेहमीसारखा शेजारी नव्हता. जरा मोठा, गिरवल्यासारखा, सदतिसातल्या साताच्याच अंगावर पडलेला. नीट दिसत नसताना अंदाजानं दिलेला. मग गाळलेली पानं काढली. दुसऱ्या पानाच्या कडेला शेंगाचटणीच्या तेलाचा डाग, अंगठ्याएवढा. दुपारच्या भाकरीबरोबर वाचायची त्यांची जुनी खोड. म्हणजे ती पानं त्यांनी वाचली होती. थोरलीचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. मी मग एकेक अंक ओढून सदतिसावं पान बघत सुटले. नद्यांचा, त्यात ठिपका. भुतांचा, त्यात ठिपका. त्या बिचाऱ्या कवीच्या अंकातसुद्धा. ग्रंथपाल म्हणाले, "ताई, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही, सापडतंय."

घरी आले ती थेट नरसम्माच्या दारात. माग चालू होता, तिनं तो थांबवला. मी विचारलं, अक्का दुपारी काय करायच्या? "वाचायच्या की," ती म्हणाली, जणू हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. "गच्चीवर उन्हात बसून. माझ्या मालकाचं भिंग नेलेलं, कापडातला दोष बघायचं. एकेक ओळ, लई वेळ लागायचा. पर दिवाळीचं पुस्तक तुमी परत न्यायच्या आत संपवायच्या." मी म्हटलं, "मग मला कशाला वाचायला लावायच्या?" नरसम्मानं पदरानं तोंड पुसलं. "मीबी इचारलं ते. म्हणल्या, त्याबगर शोभा बसत न्हाय."

मी तिच्या पायरीवरच बसले आणि मग रडले. सहा आठवड्यांचं सगळं. शिक्क्याचं, दुधाचं, आठ पानांचं. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी गाळतेय हेही, आणि मी खोटा शेवट सांगितला हेही. तरी "बरं झालं बाई" म्हणाल्या. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी तास काढते. नरसम्मानं पाणी आणून दिलं आणि पुन्हा मागावर जाऊन बसली, पण तो सुरू मात्र केला नाही.

शेवटी आणलेल्या दोन अंकांतला एक अजून घरीच आहे. त्यात सदतिसाव्या पानावर काही नाही, पान कोरं आहे. त्यातली एक लांबलचक रहस्यकथा आम्ही अर्ध्यावर आणली होती, आणि ही एक त्यांचीही पुरी झाली नसावी. दंड वाढतोय, ग्रंथपालांचे दोन निरोप येऊन गेले. मी सांगितलं, वाचून व्हायचाय. खोटं नाही ते. साडेसहा वाजले की कुकर बंद करते आणि वेताच्या खुर्चीवर बसते. कॉटवर आता गादी गुंडाळून ठेवलीय. दोन पानं वाचते, मोठ्यानं, एकही ओळ न गाळता. कधी डुलकी लागते. काल आतून यांनी विचारलं, "शोभा, भाजी?" मी म्हटलं, "थांबा जरा. बसलेय."