सटवाईचा साबण

सिंधू शेवटचं काय बोलली, असं भेटायला येणारा जो तो मला विचारतो. लोकांना वाटतं, एवढा संसार केलेली बायको जाताना काही मोठं सांगून गेली असेल. नारायणगावच्या दवाखान्यात मी तिच्या खाटेजवळ गेलो, तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "हात धुतलं का?" मी म्हणालो, "धुतलं." तर म्हणती, "दाखवा." मी दोन्ही पंजे पुढं केले. तिनं उलटेसुलटे करून पाहिले, उजवा हात धरला आणि धरूनच ठेवला... त्यानंतर ती बोलली नाही. बाई होती तशीच गेली. मला त्याचं समाधान आहे.

मी राजुरीचा शेतकरी, शाळा चौथीपर्यंत. हे माझ्या हातानं लिहिलंय, आमच्या लेकीनं, वैशालीनं, फक्त काना-मात्रा नीट केल्या. लग्न झालं तेव्हा सिंधू मढ गावाकडच्या वाड्यांवर सरकारी नर्स होती. राजुरीत माझ्या शब्दाला वजन, पण तिकडं गेलो की लोक म्हणायचे, "सिस्टरचं मालक आलं, चहा ठेवा." चहा प्यायचो, पण ते मला लई खटकायचं.

वैशाली झाली तेव्हाची गोष्ट. बाळ पाच दिवसांचं झालं की आमच्यात पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचा. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहिते. माझी आई सगळं मांडत होती. बाजेवरून सिंधू म्हणाली, "आत्याबाई, पाट्याजवळ साबणबी ठेवा."

"देवी आंघोळीला येती व्हय गं?" आई म्हणाली. भावकीतल्या बाया हसल्या.

सिंधू म्हणाली, "पावणं आलं की आपण पाय धुवाया पाणी देतो. सटवाई तर किती घरं हिंडून येती. माझ्या लेकीचं नशीब मळक्या हातानं कशाला लिवायचं?"

आईनं एका करवंटीत साबण घालून पाट्याजवळ ठेवला. आता देवीच हात धुणार म्हटल्यावर बाया कशाला मागं राहतील... बाळाला घ्यायच्या आधी एकेक जण न्हाणीकडं निघाली.

मी नाही गेलो. "माझ्या रानाची माती घाण न्हाई," म्हणालो. आजही म्हणतो. सिंधू म्हणाली, "घाण न्हाईच. पण तिची जागा रानात." आणि लेक काही माझ्याकडं दिली नाही. मी ओट्यावर जाऊन बसलो. ती हट्टी, मी तिच्यापेक्षा हट्टी. पण आत पोर कुरकुरायला लागली तसा उठलो, हात धुतले आणि बजावलं, "टोमॅटो बांधून हात हिरवं झालंत म्हणून धुतलं. तू सांगितलं म्हणून न्हाई."

"व्हय की, टोमॅटोमुळंच," ती म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिली. पुढं जन्मभर आमचं तेच चाललं. रानात कांदा असो की बाजरी, मी हात टोमॅटोमुळंच धुतले.

मग मढ गावाकडच्या वाड्यांतही पाचवीला करवंटी दिसू लागली. पुढं सिंधूला जुन्नरला नर्सिंगच्या मुलींना शिकवायला नेमलं. त्यांना ती सांगायची, "कुणाच्या घरात शिरल्या शिरल्या नियम सांगू नका. आधी त्यांचा पाटा कुठं मांडलाय ते बघा." वैशाली पुण्याला शिकत होती तेव्हा ही दर रविवारी डबा करून एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायची, तीळ लावलेली भाकरी आणि लेकीच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी. हातात डबा द्यायच्या आधी त्यालाही नळावर पाठवायची. तो म्हणायचा, "बाई, डबा बंद हाय." ही म्हणायची, "डबा बंद हाय, हात उघडं हायेत."

ती जाऊन महिना झाला. न्हाणीबाहेर तिच्या करवंटीत तिनं वापरलेला साबण राहिला होता, झिजून चपटा झालेला. वैशाली तेव्हापासून माझ्याकडंच होती, ती कुणाला त्याला हात लावू देत नव्हती. अशात वैशालीची लेक आरती बाळंत झाली, पाचवी आमच्याच घरी. आरतीच्या सासूबाई आंबेगावहून आलेल्या. वैशालीनं पाटा मांडला, दिवा लावला, कागद-पेन ठेवलं... आणि थांबली. मी ओट्यावरून बघत होतो. पाचवी बायांची, पुरुषानं मधी पडू नये. पण आज साबण ठेवायचा राहिला असता, तर या घरातून ती रीत कायमची उठली असती.

"वैशाली, साबण?"

"आबा, ते आईच ठेवायची..." तिचा हात पुढं होईना.

विहीणबाई समजुतीनं म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आता हाताला लावायला बाटलीतलं मिळतंय की."

मी उठलो, करवंटी आणली आणि पाट्याजवळ ठेवली.

"आबा, तो आईचा हाय," वैशाली म्हणाली.

"मग? आईनं कधी साबण जपून ठिवला व्हता का?"

विहीणबाईंनी विचारलं, "पण देवीला साबण कशाला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात वैशालीच बोलली. डोळे पुसत, पण ठसक्यात, "पावणं आलं की पाय धुवाया पाणी देतो ना, विहीणबाई?" पुढचं सगळं तिनं आईसारखंच सांगितलं. विहीणबाई पदर खोचून न्हाणीकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यानं मी हात धुतले, तेव्हा तो हातातच विरून गेला. करवंटीत वैशालीनं नवी वडी ठेवली. मी पणतू मागितला.

"हात धुतलं का, आबा?"

"धुतलं."

"दाखवा."

मी दोन्ही पंजे पुढं केले. रानात यंदा नुसता कांदा आहे. तरी सांगितलं, "टोमॅटोमुळं धुतलेत."

"व्हय की," वैशाली म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिलं.