अम्मारचा लांब श्वास

केर्केन्ना बेटावर कर्करोगाचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. 'ते दुखणं' म्हणायचं आणि जमिनीकडे बघायचं. अम्मारच्या आतड्यात ते निघालं, तेव्हा त्याच्या बायकोनं, झकियानं, घरादाराला तंबी दिली, "म्हाताऱ्याला अल्सर झालाय, बास!" मुलानं, नौफलनं, तर औषधांच्या बाटल्यांवरची लेबलंही खरवडून काढली. बापाला अक्षरओळख नाही, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

अम्मारचा जन्म समुद्रात गेला. तरुणपणी बुडी मारून स्पंज काढायचा, पुढे ऑक्टोपससाठी मातीची रिकामी गाडगी दोरीला बांधून तळाशी सोडायचा. आता त्या गाडग्यातल्या ऑक्टोपससारखाच कोपऱ्यात अंग चोरून बसे. भेटायला सगळं गाव लोटे आणि झकिया प्रत्येकाला कॉफी देत अल्सरची कथा लावे.

केमोचे काही डोस झाले आणि अम्मारचं जेवण तुटलं, झोप उडाली. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल, असं समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातल्या डॉक्टर नाएलाबाईंनी सांगितलं.

त्यांनी झकियाला एकटीला आत बोलावून हृदयाचा आलेख दाखवला. "मावशी, श्वास घेताना हृदय जरा घाई करतं, सोडताना सावकाश होतं. त्याला आवरणारी नस मेंदूतून निघते, हृदयाला, पोटाला भेटत खाली जाते. व्हेगस म्हणतात तिला. काकांचे ठोके बघा, घड्याळासारखे एकसारखे पडताहेत."

"मग ते चांगलंच की!"

"नाही ना. ती नस थकल्याची खूण आहे ती. ज्याची ही नस ताकदीची, तो माणूस जुनाट आजारात, या दुखण्यातसुद्धा, पुष्कळदा जास्त टिकतो, असं दिसलंय. पण ती सुधारली की गाठ जाते, असं मी म्हणणार नाही. औषध हवंच. सोबत सावकाश श्वास आणि स्वस्थ झोप, एवढं बघा. काकांना घरात कसला ताण आहे का?"

ताण कुणी आणला, ते झकियाला पुरतं ठाऊक होतं.

परतीच्या बोटीवर तिनं धीर केला. "अम्मार, तुला अल्सर नाही."

"ठाऊक आहे. कॅन्सर आहे."

"कुणी सांगितलं?"

"वाचता येत नसेल, पण दिसतं की गं मला! त्या वॉर्डात सगळ्यांची डोकी सफाचट. अल्सरनं केस जातात होय?"

"मग बोलला का नाहीस, मुडद्या?" ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"तू इतकं मन लावून खोटं बोलत होतीस. म्हटलं, कशाला हिचा हिरमोड करा."

दोघं हसत सुटली. हसता हसता तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारणीनं अल्सरची चौकशी केली. झकिया म्हणाली, "कॅन्सर आहे. कॉफी गोड चालेल ना?" शेजारीण कॉफी न घेताच उठली. मग गर्दी आपोआप ओसरली. संध्याकाळी दोघं धक्क्यावर बसू लागली. घड्याळासारख्या ठोक्यांचं नि सावकाश श्वासाचं डॉक्टरांचं सांगणं झकियानं त्याला ऐकवलं. बुडीआधी सोडायचा तसा लांब, सावकाश श्वास अम्मार सोडायचा. हळूहळू त्याला झोप लागू लागली, आणि एके दिवशी त्यानं ऑक्टोपस घातलेलं जवाचं सूप मागून घेतलं. वजन टिकलं. डोस पुरे झाले.

शेवटच्या तपासणीत गाठ दिसली नाही. औषधाचं श्रेय किती नि श्वासाचं किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, झकियानं विचारलंही नाही. तिनं नाएलाबाईंचे दोन्ही हात कपाळाला लावले. आयुष्यात कधी न पाहिलेल्या त्या नसेचेही तिनं मनोमन आभार मानले.

बोटीवर अम्मारनं तिचं मनगट धरलं, बोटांनी नाडी चाचपली.

"घड्याळासारखी चालतेय," तो म्हणाला. "माझ्यापायी किती दिवस श्वास रोखून बसलीस गं? आलो बघ मी वर. आता तूही श्वास सोड."

तिनं सोडला. स्फाक्सचा किनारा मागे पडेपर्यंत त्यानं मनगट काही सोडलं नाही.