नखाच्या वेगानं

बायकोनं गॅलरीत बसून माझी नखं कापली, हे आमचं शेवटचं सोबतचं काम. माझा हात थरथरतो. ती गेली, पण तिचा हात लागलेली नखं म्हणून मी ती तशीच जपली.

वारज्याच्या टेकडीवर रोज एक बाई दिसायच्या. नाव मी विचारलं नाही. हातोडीनं दगड फोडायच्या, फुंकर मारायच्या, चक्क जीभ लावून बघायच्या.

एकदा म्हणालो, "बाई, घरी जेवायला घालत नाहीत का?"

त्या हसल्या. "आजोबा, हा बेसाल्ट. ही टेकडी म्हणजे थिजलेला लाव्हा, थरावर थर."

"आम्ही काळा दगड म्हणतो. जागचा हलत नाही."

"हलतो की! आपला अख्खा भूपट्ट उत्तरेला सरकतोय. त्या रेट्यानं हिमालय अजून वर चढतोय."

"मग मला कसं कळत नाही?"

त्यांनी काठीवरच्या माझ्या हाताकडे बघितलं. "नखं वाढलेली कळली का? साधारण तोच वेग."

मी हात मागे घेतला. तिनं कापलेली कड केव्हाच पुढे निघून गेली होती, आणि मी जपत काय बसलो होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसून सगळी नखं कापली. वेळ लागला. शनिवार होता. शनिवारी नखं कापलेली तिला खपायची नाहीत. ओरडेल म्हणून जरा वेळ थांबलो, मग केर भरला.