खाडीच्या तोंडावरचा ठिपका

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना चुकलं तर चुकलं. पण लिहायचंच आहे, कारण गावात एक खोटी गोष्ट पसरली आणि ती मीच पसरू दिली.

आमचं गाव घिवलीच्या अंगाला, समुद्रावर. अणुवीज केंद्र बाजूलाच. केंद्रासमोरच्या पाण्यात खुणेचे तरंगते बोये टाकलेत, त्यांच्या आत मासेमारी बंद. आत मासा जास्त, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत.

मागं एकदा साहेब आले, शाळेत सभा घेतली आणि प्रत्येक बोटीवर एक डबा बसवून दिला. समुद्रात कोण कुठं आहे ते देशाला कळलं पाहिजे म्हणाले, बाजूला केंद्र आहे. शिवाय मासा कुठं मिळेल तेही डबा सांगणार, धंदा वाढणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "आता सरकार आमच्यावर पाळत ठेवणार."

"सरकारला काय पडलंय तुमचं? मी ठेवीन."

आणि ठेवलीच. सुनेच्या फोनात आमची बोट म्हणजे एक हिरवा ठिपका. बायकोच्या हाताला खवलं चिकटलेली असायची, म्हणून कोपरानं सुनेला ढोसायची. "बघ गो, म्हातारा कुठं पोचला?" ठिपका खाडीत शिरला की भात टाकायची. मी दारात, भात तयार. मला त्याचीही चीड यायची.

बोयांच्या आत गेलो तर डबा चुगली करणार. म्हणून आत जायचं असेल त्या दिवशी खाडीच्या तोंडाशीच मी त्याची वायर उपसायचो, येताना परत खोचायचो. घरी सांगायचो, "डब्यात दम नाय. फुकटचा माल." खलाशी हसायचे. मला वाटायचं, आपण सरकारला फसवतोय. सरकारातलं कोण तो ठिपका बघत होतं, मला आजही ठाऊक नाही. माझ्या घरातली बघत होती.

त्या दिवशीही सकाळी वायर काढली. आत जाळ्यात घोळ मासळी लागली, चांगली मोठी. दुपारी हसत किनाऱ्याला आलो तर टोपली घेऊन कोणी पुढं येईना. शेजारीण बोलली, "मासा राहू दे. बायकोला बोईसरला दवाखान्यात नेलीय, पळ." मी पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती.

तेराव्याला लोक म्हणाले, डब्यानं घात केला, सुनेनं फोनातून डब्यावर धाडलेला निरोप बोटीवर गेलाच नाही. मी मान हलवली. मग मच्छीमार सोसायटीनं तक्रार लिहिली, तिच्यावर मी सही केली. मग एकेकानं आपापल्या बोटीवरच्या वायरी काढल्या. "म्हातारीच्या वेळेला कामाला आला नाय, आमच्या काय येणार?" माझ्या बायकोच्या नावानं तरणी पोरं तशीच समुद्रात जाऊ लागली. मी रोज किनाऱ्यावर बसून बघत होतो आणि गप्प होतो.

गेल्या आठवड्यात डबे परत करायची सभा भरली, त्याच शाळेत. मी उठलो. "डबा चांगला होता. वायर मी काढलेली. मी बोयांच्या आत होतो."

"बस खाली काका, दुःखानं डोकं फिरलंय तुझं," मागून कोणीतरी बोललं. मी बसलो नाही. परत सांगितलं. तेव्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. माझी आधीच गेली होती.

घरी आलो. सून पाटावर बसलेली. तिच्या कानावर आधीच गेलं होतं. म्हणाली, "रिक्षा दारात आणलेली, बाबा. छातीत कळ येत होती तरी आई बसेनात. फोन हातात धरून बसल्या. ठिपका खाडीच्या तोंडावर अडकलेला, आम्हाला काय ठाऊक. म्हणाल्या, आला गो तो, खाडीतच हाय. थांब जरा. तू भात टाक."

"किती वेळ थांबलात?" मी विचारलं.

"भात शिजून निवला तोवर."